सफेत खांद्याला खांदा, निकाहात कुफू

१२ जिल्हिज (हजचा महिना)

हाजी आज मक्केजवळच्या मिनात असतील. तिन्ही जमरांना (सैतानाच्या खांबांना) सात-सात खडे मारले की ज्यांना घाई आहे त्यांनी सूर्य मावळायच्या आत मिना सोडली तरी चालते. तश्रीकच्या, म्हणजे ईदनंतरच्या, तीन दिवसांतला हा मधला दिवस. गोऱ्या-काळ्याच्या भेदाबद्दलचं पैगंबरांचं सर्वांत स्पष्ट वाक्य याच दिवसाचं आहे. आपल्याकडे ते 'अरफातचा खुतबा' (अरफातच्या मैदानातलं प्रवचन) म्हणून छापतात आणि सांगतात. पण पैगंबरांचे सोबती जाबिर यांनी सांगितलेला अरफातचा खुतबा सहीह मुस्लिम या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात आहे आणि त्यात हे वाक्य नाही. तिथे रक्त, मालमत्ता, व्याज आणि बायकांचे हक्क हे विषय आहेत. आपल्याला हवं असलेलं वाक्य मुसनद अहमद या दुसऱ्या हदीससंग्रहात सापडतं. अबू नद्रा यांनी ते प्रत्यक्ष ऐकणाऱ्याकडून घेतलं आणि 'तश्रीकच्या मधल्या दिवशी' असं नोंदवून ठेवलं: तुमचा रब एक, तुमचा बाप एक, अरबाला अजमीवर (अरब नसलेल्यावर) नाही, अजमीला अरबावर नाही, गोऱ्याला काळ्यावर नाही, काळ्याला गोऱ्यावर नाही, मोठेपण आहे ते तक्व्याचंच (अल्लाहचं भय बाळगण्याचं).

तारीख आणि जागा बरोबर सांगावी असं मला मनापासून वाटतं. एवढं मोठं वचन आपण ढिलाईने सांगायला लागलो की पाळण्यातही ढिलाई येते.

कुरआनातली ४९:१३ ही आयत (तुमचे कबिले केले ते एकमेकांना ओळखावं म्हणून) सगळ्यांना ठाऊक असते. ३०:२२ त्या मानाने कमी वाचली जाते. तिच्यात भाषांचा आणि रंगांचा वेगळेपणा अल्लाहच्या निशाण्यांत धरला आहे, आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीच्या शेजारी. म्हणजे रंग नुसता सहन करायचा नाही, त्यात खूण पाहायची.

आणि पैगंबरांचे सोबती अबू जर. त्यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवलं. पैगंबर म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत (इस्लामपूर्व काळातलं अज्ञान) आहे. हा माणूस म्हणजे काळे सोबती बिलाल होते असं नेहमी सांगितलं जातं, पण बुखारीच्या संग्रहातल्या हदीसमध्ये नाव नाही. अबू जर यांनी जमिनीवर गाल टेकवला, हा प्रसंगही तिथे नाही. तिथे जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं. पुढे रबजा इथे अबू जर एका माणसाला भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर जे वस्त्र होतं तेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होतं. असं का, हे विचारल्यावर त्यांनी ही जुनी गोष्ट सांगितली आणि पैगंबरांनी तेव्हा गुलामांबद्दल काय बजावलं तेही: जे खाल तेच त्यांना खायला द्या, जे नेसाल तेच नेसवा, झेपणार नाही एवढं काम देऊ नका. चुकीची भरपाई कापडात आणि ताटात दिसली.

१९६४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले काळे मुसलमान नेते माल्कम एक्स यांनी मक्केहून लिहिलेलं पत्र जगभर गाजलं. सगळ्या रंगांचे लोक एका ताटात जेवतात, एका पेल्यातून पितात, हे त्यांनी पाहिलं आणि ते खरंच होतं. पण सौदी अरेबियाने गुलामी कायद्याने बंद केली ती १९६२च्या नोव्हेंबरात, म्हणजे त्या पत्राच्या जेमतेम दीड वर्ष आधी. एहरामच्या (हजच्या पोशाखाच्या) दोन न शिवलेल्या कापडांत समता होती आणि त्याच शहरात, त्याच पिढीत, माणसं मालकीचीही होती. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

नमाजाच्या सफेत (रांगेत) उभं राहायला कुणाचं काही जात नाही. नमाज संपली की सलाम फिरवून जो तो आपल्या घरी जातो. कसोटी लागते ती सोयरीक जुळवताना. त्याबद्दल उद्या.

१३ जिल्हिज

आधी पैगंबरांच्या हयातीतले निकाह पाहू, कारण पुढची सगळी चर्चा यांच्यापुढे उभी करायची आहे.

जैनब बिन्त जहश, पैगंबरांची आतेबहीण, आईकडून कुरैश (पैगंबरांचा कबिला). तिचा निकाह जैदशी, जो मुक्त केलेला गुलाम होता. हा संसार टिकला नाही आणि तलाक झाला. वंशाचे अभिमानी लोक नेमकं हेच उदाहरण देतात. पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. मिकदाद हे कुरैशांच्या आश्रयाला आलेले बाहेरचे, त्यांना पैगंबरांची चुलतबहीण दुबाआ दिली गेली. अबू हुजैफा यांनी आपली सख्खी पुतणी सालिमला दिली, तोही मुक्त केलेला गुलाम. अबू हिंद तुंबड्या लावणारे, बनू बयाजा कबिल्याचे मौला (गुलामीतून सुटून कबिल्याशी जोडलेले). पैगंबर त्या कबिल्याला म्हणाले, अबू हिंदला मुली द्या आणि त्याच्याही करा. हे अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे.

आणि उसामा. बाप तोच जैद, गोरा, आई उम्मे ऐमन हबशी, मुलगा काळा. मदिनेत लोक कुजबुजत, हा जैदचा मुलगा नव्हेच. एकदा दोघं एका चादरीखाली झोपले होते, डोकी झाकलेली, पाय बाहेर. पावलं ओळखण्यात तरबेज असलेला एक माणूस तिथे आला आणि पाहून म्हणाला, हे पाय एकमेकांतलेच आहेत. पैगंबर पत्नी आयशांकडे आले ते आनंदाने उजळलेल्या चेहऱ्याने. एका मुलाच्या रंगावरून चाललेली कुजबुज थांबली, याचा तो आनंद होता. पुढे फातिमा बिन्त कैस या कुरैश स्त्रीला मुआविया आणि अबू जहम यांची मागणी आली. ती सल्ला विचारायला आली, तेव्हा पैगंबर म्हणाले, उसामाशी निकाह कर. तिला ते रुचलं नाही. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिने केला आणि नंतर सांगितलं की अल्लाहने त्यात एवढं भलं ठेवलं की इतर बायका माझा हेवा करू लागल्या.

आता फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) आणि त्यातले हनफी, शाफई, मालिकी हे मजहब (परंपरा). कुफू, म्हणजे जोडीची बरोबरी. हनफी यादीत वंश, किती पिढ्यांपासून घराणं मुसलमान आहे, स्वातंत्र्य, दीनदारी (धर्मनिष्ठा), मालमत्ता आणि पेशा येतात. वंशात कुरैश कुरैशांना, इतर अरब अरबांना, अजमी अजमींना. पेशात विणकर, तुंबडीवाला, कातडी कमावणारा, झाडूवाला हे अत्तर विकणाऱ्याच्या किंवा कापडव्यापाऱ्याच्या तोडीचे नाहीत. शाफईही वंश आणि पेशा धरतात. मालिकींचा भर दीनदारीवर आणि दोष नसण्यावर आहे, वंशावर नाही. विचार करायला लावणारी बाब अशी की इमाम अबू हनीफा स्वतः इराणी वंशाचे, कूफ्यातल्या कापडव्यापाऱ्याच्या घरचे. इमाम मालिक मदिनेचे अरब. ज्याच्या मजहबने वंशाला सर्वांत जास्त वजन दिलं तो अजमी आणि ज्याने ते काढून टाकलं तो अरब. कारण गावात शोधावं लागतं. कूफा हे अरब कबिल्यांची लष्करी छावणी म्हणून वसलेलं शहर, तिथे अजमी मौलींचा दर्जा खालचा होता. समाजातली उतरंड हळूहळू कायद्याच्या यादीत उतरली.

पुरावा म्हणून जी हदीस दाखवतात ती अशी: अरब एकमेकांना कुफू, विणकर आणि तुंबडीवाला सोडून. तिच्या सनदीत (कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीत) एका रावीचं (सांगणाऱ्याचं) नावच नाही आणि अबू हातिम यांच्यासारख्या हदीसच्या पारख्याने ती फेटाळली आहे. याच्या उलट तिर्मिजीच्या संग्रहात आहे: ज्याची दीनदारी आणि स्वभाव तुम्हाला पसंत आहे असा माणूस मागणी घालील तर त्याचा निकाह करून द्या. सुफियान सौरी आणि हनफींमधलेच करखी या विद्वानांना वंशाची अट मान्य नव्हती. इब्ने हज्म यांनी तर यादीच मोडीत काढली.

पण लोक सर्वांत जास्त चुकतात ते पुढच्या मुद्द्यावर. कुफू ही निकाह वैध होण्याची अट नव्हे, तो एक हक्क आहे. मुलीचा आणि तिच्या वलीचा (बाप किंवा इतर पालकाचा). दोघांनी तो सोडला तर निकाहाला वंशाची काहीही अडचण उरत नाही. हनफींकडेही नाही, शाफईंकडेही नाही. हनफींमध्ये सज्ञान मुलीने स्वतःच निकाह केला आणि मुलगा कुफू नसेल, तर वली काझीकडे हरकत घेऊ शकतो. वली नुसता गप्प बसला तर ती संमती धरत नाहीत, पण त्याने मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ताब्यात घेतला की संमती झाली. मूल झालं की हरकतीचा हक्कच संपला, कारण आता मुलाचं हित मोठं. हनफींमधलेच हसन बिन जियाद यांचं मत कडक होतं: असा निकाह मुळातच होत नाही. नंतरच्या हनफी मुफ्तींनी 'जमाना बिघडला' म्हणत त्यांच्याच मतावर फतवे दिले. आपल्या भागात चालतं ते हे मत. तेही वलीच्या संमतीशिवाय केलेल्या निकाहापुरतंच आहे, ही मर्यादा मात्र कुणी सांगत नाही.

सोडून देता येणाऱ्या हक्काची अशी भिंत झाली की काय होतं, ते सौदी अरेबियात २००५ साली दिसलं. नवऱ्याचा कबिला कमी प्रतीचा, अशी तक्रार घेऊन मुलीचे भाऊ न्यायालयात गेले आणि मुलंबाळं असलेल्या जोडप्याचा निकाह मोडला गेला. बायको नवऱ्याकडे परत जायचं म्हणत होती. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवायला २०१० उजाडलं.

इथे बरीराची आठवण होते. ती गुलामीतून सुटली. नवरा मुगीस, काळा, अजून गुलाम. तिला त्याच्यासोबत राहायचं नव्हतं. तो मदिनेच्या गल्ल्यांतून रडत तिच्या मागे फिरायचा, दाढी भिजायची. पैगंबरांनी तिला विचारून पाहिलं. ती म्हणाली, हा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, रदबदली करतोय. ती म्हणाली, मग मला तो नको. कुफूचे समर्थक हा पुरावा देतात. मला त्यात दिसतो तो बाईचा हक्क. पैगंबरांच्या शब्दालाही ती नाही म्हणू शकली. भावांचा तिथे संबंधच नव्हता.

१५ जिल्हिज

ही भिंत समुद्रापार कशी गेली, ते येमेनमधल्या हद्रमौतच्या सय्यदांच्या (पैगंबरांच्या वंशजांच्या) वादात नीट दिसतं. १९०५ साली सिंगापुरात सय्यद घराण्यातल्या एका मुलीचा निकाह सय्यद नसलेल्या हिंदी मुसलमानाशी झाला. कैरोतून रशीद रिजा यांनी 'अल-मनार' या आपल्या मासिकात तो वैध ठरवला. सिंगापूरकडच्या सय्यद आलिमांचं (धर्मपंडितांचं) उत्तर होतं की मुलगी आणि वली राजी असले तरी हराम. काही वर्षांनी बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) मदरशात मक्केहून शिकवायला आलेल्या अहमद सुरकतींना जावातल्या सोलो शहरात हाच प्रश्न विचारला गेला. त्यांनी जायज म्हटलं. सुरकती सुदानी होते. त्यांना मदरसा सोडावा लागला आणि १९१४ साली त्यांच्या बाजूच्यांनी 'अल-इर्शाद' ही संघटना काढली. शास्त्र बरोबर सांगणाऱ्या आफ्रिकी आलिमाला ती किंमत मोजावी लागली.

दख्खनचा अनुभव याहून जुना. मलिक अंबर हबसाणातून विकला जात जात बगदादमार्गे अहमदनगरला आला. त्याला घेणारा चंगीझखान स्वतः हबशी आणि निजामशाहीचा पेशवा. १६०० नंतर अंबरने मूर्तझाला निजामशाहीच्या गादीवर बसवलं आणि मुलगी दिली. १६१० साली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, जमिनीखालून नहर आणली. गुलामाने वजीर व्हायला इथे आडकाठी नव्हती, हे इस्लामी राज्यांचं खरं वैशिष्ट्य आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने लिहून ठेवलंय की सुलतानाच्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलाम म्हणून हिणवलं. मुलगी बापाकडे गेली, आणि बेगम व सुलतान दोघांनाही विष दिलं गेलं. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला 'काळतोंड्या' म्हणतो. अबुल हसनने काढलेल्या चित्रात बादशहा बाण रोखून उभा आहे, समोर भाल्यावर अंबरचं कापलेलं डोकं आणि त्यावर घुबड. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने गेला, कुणाच्याही हाती न लागता. चढाई वजिरीपर्यंत, सोयरीकही तख्तापर्यंत, तरी तोंडावर शब्द 'गुलाम'.

आज महाराष्ट्रात रंगाच्या जागी बिरादरी आहे. सय्यद, शेख, पठाण एकीकडे. बागवान, मणियार, तांबोळी, पिंजारी, खाटीक, मोमीन आपापल्यात. त्यांच्याही खाली मेहतर. सच्चर समितीने २००६च्या अहवालात अशराफ (वरचे), अजलाफ (मधले), अरजल (सर्वांत खालचे) ही उतरंड स्पष्ट मांडली. नववधूला भेट म्हणून देतात त्या 'बहिश्ती जेवर' या धर्मपुस्तकातही शेख-सय्यद एका पायरीवर, मोगल-पठाण त्यांच्या खाली आणि विणकर शिंप्याच्या तोडीचा नाही, असं लिहिलेलं आहे. 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. शिकवण म्हणून ते बरोबरच आहे. वस्तुस्थिती म्हणून ते पुढे केलं की नुकसान होतं मेहतर मुसलमानाचं. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी हिंदू होते, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. मुसलमान मेहतर अजून बाहेरच आहे आणि त्याला बाहेर ठेवणाऱ्यांच्या हातात आपलंच वाक्य असतं.

निकाहाला लागतं काय? ईजाब-कबूल (प्रस्ताव आणि होकार), दोन साक्षीदार, मेहर. कोकणातल्या शाफईंकडे वली हवाच. बिरादरी यात कुठेच नाही. जुम्याला ४९:१३ वाचणाऱ्या इमामांनी तिच्याबरोबर अबू हिंदची हदीस सांगावी, फातिमा बिन्त कैसचा निकाह सांगावा आणि कुफूचा हक्क मुलगी व वली मिळून सोडू शकतात हे उर्दूत, मराठीत, लोकांना कळेल अशा भाषेत सांगावं. आईबापांना हे मुलीच्या मागण्या येऊ लागण्याच्या आधी कळायला हवं. बैठक बसल्यावर कुणी मसला (शरियतचा नियम) ऐकून घेत नाही.