फुकटचं चीज आणि पंचेचाळीस डॉलरचा बगळा

मागच्या शुक्रवारी मी एका बाईच्या तोंडावर तिच्या कामाला नावं ठेवली, मराठीत, आणि त्याबद्दल तिने मला थँक्यू म्हटलं. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून टाकते.

बॉस्टनच्या साऊथ एंडमध्ये सोवा म्हणून एक भाग आहे. साऊथ ऑफ वॉशिंग्टन, म्हणून सोवा (वॉशिंग्टन म्हणजे रस्ता, राजधानी नव्हे). सासूबाईंना फोनवर सांगितलं सोवाला चाललोय, तर त्यांना वाटलं काहीतरी सोवळ्यातलं आहे, आणि त्या इतक्या खूश झाल्या की मी दुरुस्त करायला गेले नाही. तर तिथे हॅरिसन ॲव्हेन्यूवर ४५० नंबरची एक जुनी विटांची बिल्डिंग आहे, आत नुसते आर्टिस्ट लोकांचे स्टुडिओ, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ९ ही मंडळी आपापली दारं उघडी ठेवतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, कुणीही यावं, आत शिरावं, बघावं, आणि काही न घेता निघून जावं.

आम्हाला इथे येऊन सहा वर्षं झाली आणि मी आत्ता पहिल्यांदा गेले. शुक्रवारी संध्याकाळी पोरीचं स्विमिंग असतं, पार्किंग मिळत नाही, थंडी असते, खूप कारणं आहेत.

पार्किंगच्या भीतीने सिल्व्हर लाईनने गेलो. नावात लाईन आहे, पण आहे साधी बसच. वॉशिंग्टन स्ट्रीटवर पूर्वी डोक्यावरून खरीखुरी ट्रेन जायची, ती १९८७ मध्ये तिथून उचलून दुसऱ्या मार्गावर नेली आणि इथल्या लोकांना सांगितलं की बदल्यात तितकंच चांगलं काहीतरी देऊ. ते काहीतरी २००२ मध्ये आलं, ते म्हणजे ही बस. जुने रहिवासी अजून यावर चिडून बोलतात. मला मात्र कोल्हापूरच्या केएमटी बसची आठवण येऊन उगाच माया वाटली.

असो. बिल्डिंगमध्ये शिरल्याशिरल्या जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाईनचा वास. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारात थबकायचं की नाही हा प्रश्न. कारण आत माणूस बसलेला असतो! गॅलरीत कसं, भिंतीला लावलेलं असतं, आपण हात मागे बांधून फिरतो, कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. इथे चित्रही आहे, चित्र काढणारा पण आहे, आणि कोपऱ्यात अर्धवट सोडलेला कॅनव्हास, कालचा कॉफीचा मग, रंगाने बरबटलेली ब्रशांची बरणी, सगळंच आहे. कुणाच्या तरी घरात घुसल्यासारखं होतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी टेबलावर चीज, क्रॅकर, द्राक्षं आणि प्लास्टिकच्या ग्लासात वाईन. आता खरं सांगते, पहिल्या तीन स्टुडिओत आम्ही चित्रांपेक्षा चीजच जास्त बघितलं. नवरा म्हणाला, "अगं जेवणच होईल की इथे." मी त्याला डोळे वटारले आणि अजून एक क्रॅकर घेतला.

मग माझा कोल्हापुरी स्वाभिमान जागा झाला. ह्या लोकांनी ओपन स्टुडिओ म्हणून एवढा डांगोरा पिटलाय, पण शाळा सुटल्यावर आम्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत उभं राहायचो ते काय होतं मग? श्रावणात दारादारातून पांढऱ्या मूर्ती, आणि आत कुणीतरी मांडी घालून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतंय. श्वास रोखून ब्रशची एकच रेघ ओढली, की मूर्ती बघायला लागलीच. तिकीट नव्हतं, वेळ नव्हती. टाउन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची मैफल असते, समोर गाणं चाललंय, चित्रकार तिथेच चित्र काढतायत, शिल्पकार मातीत हात घालून बसलेत, तेही फुकटच. कोल्हापूरला उगाच कलापूर म्हणत नाहीत. चीज नसतं एवढंच. (आणि कुंभार गल्लीत जरा पुढे सरकलं की "ए पोरी, सरक, धक्का लागंल" असा आवाज यायचा, हे पण खरं आहे, पण ते इथे कशाला सांगू.)

हे सगळं मनात फणफणत मी एका लिनोकटवाल्या (म्हणजे लिनोच्या लादीवर चित्र कोरून त्याचे ठसे काढणाऱ्या) बाईंच्या स्टुडिओत शिरले. साठीच्या असतील, नखांत काळी शाई. भिंतीवर तळहाताएवढा बगळा, एका पायावर उभा, खाली पेन्सिलने सात भागिले वीस (म्हणजे वीस ठशांपैकी सातवा), सही, आणि शेजारी किंमत पंचेचाळीस डॉलर. म्हणजे चार हजाराच्या आसपास. मी हसऱ्या चेहऱ्याने नवऱ्याला म्हणाले, "एवढ्याला पंचेचाळीस? आपली पोरगी काढेल की हा."

बाई वळल्या. माझा चेहरा बघितला, बोट बगळ्याकडे होतंच, आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, थँक्यू सो मच. मग म्हणाल्या, करून बघायचंय?

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण "हो" म्हणाले.

येणाऱ्या लोकांसाठी त्यांनी मासा कोरलेला एक छोटा ठोकळा ठेवला होता. काचेवर चमचाभर काळी शाई काढली, रोलर माझ्या हातात दिला. वरखाली फिरव, उचल, परत फिरव. म्हणाल्या, बघू नकोस, ऐक. आधी पचपच आवाज येतो म्हणजे शाई जास्त आहे, मग हळूहळू चर्र चर्र असा बारीक चिकट आवाज यायला लागतो, तेव्हा ती बरोबर पसरलेली असते. मग ठोकळ्यावर रोलर, वर कागद, आणि कागदाच्या पाठीवर चक्क लाकडी चमच्याने घासायचं. आपल्या भाजीच्या डावासारखा चमचा. घासता घासता मी त्यांना शाळेतले भेंडीचे ठसे सांगितले, भेंडी कापून वॉटरकलरमध्ये बुडवून फुलं काढायचो ते. त्यांना ते इतकं आवडलं की शेजारच्या स्टुडिओतल्या माणसाला हाक मारून सांगितलं. तो पण आला. भेंडीसाठी!

कागद सोलून काढला तर मासा उलट्या दिशेला तोंड करून निघाला. मला माहिती होतं उलटं येणार, तरी दचकले. आणि तेव्हा कळलं की त्या बगळ्याची प्रत्येक पांढरी रेघ कोरून काढलेली आहे, उलटी, आणि एक रेघ चुकली तर लिनो परत भरता येत नाही. पंचेचाळीस डॉलर. आमची पोरगी काढेल म्हणे.

मला चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होता. सगळ्यांच्या घरात असं एक सर्टिफिकेट असतं म्हणा. स्थिरचित्र चांगलं होतं माझं, संकल्पचित्रात कंपास नीट धरता यायचा नाही. मग दहावी, मग अकरावी सायन्स, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. कुणी अडवलं वगैरे नाही हं, घरचे काही बोलले नाहीत, मलाच इंजिनीअरिंग करायचं होतं. आणि केलं म्हणून तर आज हॅरिसन ॲव्हेन्यूवर उभी होते. म्हणजे बरोबरच झालं.

बगळा मी घेतला नाही. घरात आधीच भिंती कमी, भाड्याचं घर, खिळा ठोकायला मालकाला विचारावं लागतं. बगळ्याचं पाच डॉलरचं कार्ड घेतलं. मासा त्यांनी असाच दिला, दोन रद्दी कागदांत घालून, म्हणाल्या शाई वाळायला काही दिवस लागतील, दाबू नकोस. बसमध्ये गर्दीत मी तो ताटासारखा धरून उभी होते. एका माणसाने उठून जागा दिली, त्याला वाटलं असेल आत केक आहे.

शनिवारी आईला व्हिडिओवर दाखवला. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "शेपटीकडं दाब कमी पडलाय." बरोबर होतं. मग म्हणाली, "आणि त्या बाईंना काय दिलंस?"

"काही नाही गं, फुकट असतं ते. सगळ्यांनाच."

"म्हणजे त्यांचं खाऊन, त्यांची शाई वापरून, हात हलवत परत आलीस?"

कार्डाचं सांगितलं. पाच डॉलर म्हटल्यावर ती काही बोलली नाही, भाजी फोडणीला टाकायला गेली.

पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी नेमकं ऑफिसात आमचं रिलीज आहे. जयसिंगपूरचं भडंग आहे घरात, एक पुडा फोडलेला नाही अजून. नऊच्या आत सुटले तर तो घेऊन जाईन, बगळ्याचं मग तिथे गेल्यावर बघू.