परसातला हायड्रंट

मोठेबाबांनी फोटो पाहिला आणि लगेच व्हॉइस मेसेज आला, "अबे, इतक्या दूर जाऊन भंगार जमा करून रायला का तू? कायले घेतलं हे?" त्यावर घरच्या ग्रुपवर सगळे हसले. मला ते लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परसात मी उभा केलाय तो जुना फायर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा रस्त्यावरचा नळ. इथे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जुने नग बदलले की भंगारात येतात. पावती मागून घेतली, कारण चोरीचा मालही असतो. सगळा ओतीव लोखंडाचा. गाडीतून उतरवायला शेजारचे धावून आले. रंगाचे थर इतके, की अंगावरची अक्षरं दिसत नव्हती. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासला तर विषारी धूळ उडते. म्हणून द्रावण लावून ओला ओला खरवडला. पिवळ्याखाली लाल निघाला, लालखाली आणखी एक, आणि मग बनवणाऱ्या कारखान्याची अक्षरं वर आली: आर. डी. वूड, फिलाडेल्फिया.

डोक्यावरचा नट पंचकोनी आहे. पाच बाजूंत समोरासमोर समांतर अशी एकही जोडी नसते, त्यामुळे साधा पाना त्याला पकडतच नाही. कोणीही येऊन पाणी सोडू नये म्हणून हे केलेलं. आणि खरी अक्कल तर जमिनीखाली आहे. इथे हिवाळ्यात माती गोठते, म्हणून पाणी अडवणारा व्हॉल्व्ह गोठण्याच्या थराखाली बसवतात. वरचा खांब एरवी रिकामाच असतो. वर नट फिरवला की लांब दांडा खालचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि बंद केला की उरलेलं पाणी तळाच्या भोकातून आपोआप मातीत निघून जातं. ज्याने हे शोधलं त्याच्या पाया पडावं. खांबासारख्या हायड्रंटचं श्रेय फिलाडेल्फियाच्या पाणीखात्यातल्या फ्रेडरिक ग्राफला देतात, साल साधारण 1801. पण पेटंटचा कागद दाखवता येत नाही, कारण 1836 साली वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिसच जळालं.

रस्त्यावर याचा मान पाहावा. पंधरा फुटांच्या आत गाडी लावायची नाही, मग गाडी कोणाचीही असो. बऱ्याच ठिकाणी हायड्रंटच्या टोपीचा रंग पाहून बंबवाल्याला कळतं की इथून पाणी किती मिळेल. फिकट निळी टोपी म्हणजे मिनिटाला 5,600 लिटरच्याही वर. माझा मी काळा रंगवला आणि घरामागे ठेवला. खरा समजून एखादा बंब फसायला नको.

ज्यांनी आपल्या गावची मे महिन्यातली आग पाहिली आहे, त्यांनी मला "कायले" विचारू नये. कुटाराची गंजी पेटली तेव्हा लाईन गेलेली होती आणि मोटारी बंद. बायांनी पाण्याचे गुंड (घागरी) भरभरून आणले, पोरं विहिरीपासून गोठ्यापर्यंत रांगेत उभी राहिली, मोठेबाबांनी स्वतः दावी कापून बैल सोडले. तालुक्याहून बंब येईपर्यंत गोठ्याचा कोळसा झाला, पण जनावर एकही गेलं नाही. याचा मला आजही अभिमान आहे. इथल्या लोकांना सांगतो तेव्हा तेही मान डोलावतात, कारण या राज्यातले बहुतेक बंबवालेसुद्धा बिनपगारी स्वयंसेवकच आहेत. नोकरी सांभाळून, भोंगा वाजला की पळतात. म्हणजे माणसांत आपण कुठेच कमी नाही. त्यांच्या हाताशी दाबाचं पाणी आहे, आपल्या हाती गुंड होते, एवढाच फरक.

1904 साली बाल्टिमोरला मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावले, पण त्यांच्या होजची, म्हणजे पाण्याच्या लांब नळ्यांची, कपलिंगं (जोडायची तोंडं) तिथल्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारावर इमारती गेल्या. मग देशभर एकच माप करायची धडपड सुरू झाली.

आपल्या गावात आता पाण्याची उंच टाकी आहे. बारा मीटरवरचं पाणी म्हणजे खाली चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या आसपास दाब, तोही लाईन नसताना. शहरासारखी धार मिळणार नाही, पण बंब तिथेच भरेल आणि जवळच्या गोठ्यांपर्यंत होज पोचेल. टाकीच्या खालच्या पाइपला एक व्हॉल्व्ह आणि 63 मिलिमीटरचं कपलिंग लावायचं. आपल्याकडच्या बंबांचं होज त्याच मापाचं असतं. तरी आधी तालुक्याच्या बंबवाल्यांना दाखवून खात्री करून घ्या. सरपंच भाऊ, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. कपलिंग, व्हॉल्व्ह आणि होजचा खर्च माझा. मोठेबाबा, टाकीची चावी कोणाकडे राहील ते तुम्ही ठरवा, आणि मार्चच्या आत काम उरकून घ्या.