आमची वाटचाल : अखेरच्या आजारातील रुग्णांसाठी आपत्तीची पूर्वतयारी

परळमध्ये आमचा मूळ व्यवसाय रुग्णसाहित्य भाड्याने देण्याचा. टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कुटुंबांना फाउलर बेड (डोक्याची व पायाची बाजू वर-खाली करता येणारी खाट), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारे यंत्र) पुरवताना आमच्या लक्षात आले की, यातले बरेचसे साहित्य अशा घरांत जाते, जिथे आजार बरा करण्याचे उपचार थांबलेले असतात आणि वेदना व धाप आटोक्यात ठेवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट असते. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची सेवा करणारी संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यात सुरू झाले. आमचे रुग्ण मात्र स्वतःच्या घरात, घरच्यांच्या आणि भेटीला येणाऱ्या परिचारिकेच्या आधाराने राहतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून मुंबईत आपत्तीचा विचार पाण्याच्या पातळीने होतो, परंतु आमचा सातव्या मजल्यावरचा रुग्ण घरात थेंबभर पाणी न शिरताही अडचणीत येतो, कारण परळजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी तुंबले की परिचारिका अडकते आणि लिफ्ट बंद पडली की भरलेला सिलिंडर वर नेता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पुराचा काहीही संबंध नसताना मुंबईची वीज गेली, आणि त्यानंतर आम्ही घरी सेवा देणाऱ्या हॉस्पिस पथकांना पूर्वतयारीचे नियोजन करून देण्याचे काम स्वतंत्रपणे हाती घेतले.

अमेरिकेत २०१६ च्या नियमाने मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतील हॉस्पिस संस्थांना असे नियोजन बंधनकारक केले. सेवा खंडित झाल्यास रुग्णांची विचारपूस कशी करायची हे आधीच लिहून ठेवण्याची त्यातली अट आम्हाला फार मोलाची वाटली. आमच्या नियोजनाचा पाया म्हणूनच संस्थेची जाडजूड फाइल नसून प्रत्येक रुग्णाच्या घरी ठेवलेला एक कागद आहे.

त्या कागदात सर्वांत आधी वीज येते. कॉन्सन्ट्रेटर बंद पडल्यास दीड घनमीटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटर प्रवाहाने साधारण १२ तास पुरतो, हे आम्ही घरच्यांसमोर हिशेब मांडून सांगतो आणि फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारे उपकरण, त्यांच्याच हातून जोडून घेतो. एअर बेडकडे, म्हणजे पंपाने हवा भरत राहणाऱ्या गादीकडे, सहसा कोणाचे लक्ष नसते. पंप थांबल्यावर हवा उतरते आणि कृश रुग्णाची हाडे फळीला टेकतात, म्हणून खाली कापसाची गादी असावी आणि वीज येईपर्यंत दर दोन तासांनी कूस बदलावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. सक्शनसाठी पायाने चालणारे यंत्र आम्ही जवळ ठेवतो.

तीव्र वेदनेवरचे औषध असलेल्या मॉर्फिनचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत मिळणे सुकर झाले, तरी ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळेल असे गृहीत धरता येत नाही. आणि चार-चार तासांनी गोळी घेणाऱ्याची गोळी अचानक थांबली, तर वेदना तर उसळतेच, शिवाय औषध तुटल्याचा त्रासही होतो. आम्ही हे औषध हाताळत नाही. पावसाळ्यात किती दिवसांचा साठा घरी असावा हे डॉक्टरांनी ठरवून कागदावर लिहावे, एवढा आमचा हट्ट असतो. मोठ्या भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात न जाता तुंबते, म्हणून महापालिकेच्या भरतीच्या वेळापत्रकातले साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पाहून पथके भेटी आणि औषधे आदल्या दिवशी उरकतात.

रुग्णाला हलवायचे की घरीच ठेवायचे, हेही शांतपणे आधी विचारून घ्यावे लागते. जीव वाचवण्याच्या धडपडीत स्ट्रेचरवरून पाण्यातून नेणे ही अशा रुग्णासाठी सुटका असतेच असे नाही, असे माझे ठाम मत आहे. अर्थात घरातच पाणी शिरले किंवा इमारत धोक्यात आली, तर महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन करून बाहेर पडावे लागते. मृत्यू अशाच दिवशी आला, तर दाखला देण्यासाठी चालत पोहोचू शकेल अशा जवळच्या डॉक्टरांचे नाव, त्यांची संमती घेऊन, आम्ही शेवटच्या ओळीत लिहितो. पुष्कळ कुटुंबे ही ओळ वाचून गप्प होतात, तरीही ती आम्ही वगळत नाही.

दरवर्षी मे महिन्यात सगळे कागद पुन्हा तपासले जातात, आणि औषधाची मात्रा बदलली की त्याच भेटीत नवा कागद लिहिला जातो. साहित्याचे भाडे आम्ही घेतो; या कागदाचे वेगळे पैसे कुटुंबाकडून घेत नाही.