मॉनिटर म्हणतोय की मी काच फोडली

"सर, मॉनिटर म्हणतोय की मी काच फोडली."

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा शिक्षकखोलीच्या दारात उभा राहून एका दमात एवढंच बोलला आणि पळाला. माझा डबा अर्धाच झाला होता. मला वाटलं, काच मॉनिटरनं फोडली आणि सांगायला स्वतः यायचं धाडस होईना म्हणून याला धाडलं. घंटा झाल्यावर वर्गात गेलो, मॉनिटरला उभं केलं आणि म्हणालो, "कबूल केलंस हे बरं केलंस. पण घरी सांगावं लागेल."

पोरगं गोरंमोरं झालं. "मी? सर, मी कुठं फोडली? यानं फोडली असं म्हणालो मी!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा. आठवडाभर मी याच वर्गात इंग्रजीच्या तासाला डायरेक्ट-इनडायरेक्टसाठी, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं सांगायचं यासाठी, घसा कोरडा करत होतो. फळ्याच्या कोपऱ्यात कालचं उदाहरणसुद्धा पुसायचं राहिलं होतं.

मराठीत हे असंच चालतं. 'तो म्हणाला की मी येतो' यातला 'मी' म्हणजे तो, की सांगणारा? ऐकणाऱ्यानं प्रसंगावरून ओळखायचं. काळही जागचा हलत नाही, 'येतो'चं 'येतो'च राहतं. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली की सर्वनाम, काळ, 'टुमॉरो', 'हिअर' सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून नव्यानं मांडायचं. आणि आपल्याकडे विरामचिन्हं रूढ झाली तीच मुळी एकोणिसाव्या शतकात, मराठी कोशकार इंग्रज अधिकारी मेजर कँडींच्या खटपटीनं. त्याआधी 'ऐसें' आणि 'म्हणोन' एवढ्यावर भागत होतं. त्यामुळे मुलं 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग' लिहितात तेव्हा मी लाल रेघ मारतो, पण चिडत नाही. ते वाक्य चुकलेलं इंग्रजी आहे, पण अस्सल मराठी आहे.

ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. मी समजलो ते: 'द मॉनिटर सेड दॅट ही हॅड ब्रोकन द विंडो.' त्या मुलाला म्हणायचं होतं ते: 'द मॉनिटर सेड दॅट आय हॅड ब्रोकन द विंडो.' इंग्रजीत बोलला असता तर मॉनिटरची अब्रू वाचली असती.

मी खडू ठेवतोय तोच मागच्या बाकावरची मुलगी उठली. एरवी ती तासाला तोंड उघडत नाही.

"सर, मॉनिटर तर 'ही ब्रोक द विंडो' असं म्हणाला. मग 'ही'चं 'आय' कसं झालं? थर्ड पर्सनला नो चेंज ना?"

आमचा 'सन'चा नियम. एस म्हणजे सब्जेक्ट, ओ म्हणजे ऑब्जेक्ट, एन म्हणजे नो चेंज. पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे बदलायचा, दुसरा कर्माप्रमाणे, तिसऱ्याला हात लावायचा नाही. मी स्वतः शाळेत हाच घोकला आणि पंधरा वर्षं हाच घोकून घेतोय. गाईडातल्या वाक्यांत तो कधी अडत नाही, कारण तिथं सांगणारा नेहमी तिऱ्हाईत असतो. इथं सांगणारा स्वतःच त्या 'ही'मध्ये अडकला होता. मी तिला खरं ते सांगितलं: नियम इथं तोकडा पडतो. आधी बघायचं, आता कोण बोलतंय, कुणाशी आणि कुणाबद्दल, मग सर्वनाम. वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. 'सन'वर काट मात्र कुणी मारली नाही. परीक्षा जवळ आली होती.

काच कोणी फोडली हे तोवर सगळे विसरले होते. तेवढ्यात शिपाईमामा झाडू घेऊन आत आले. काचा गोळा करता करता म्हणाले, "वाऱ्यानं आपटून फुटली म्हणे."

"सर," मॉनिटर म्हणाला, आता त्याचा रंग परतला होता, "याचं इनडायरेक्ट?"

मी पुन्हा खडू उचलला. 'म्हणे'चा सब्जेक्ट शोधत वर्ग बसला, मीही बसलो, आणि तास संपला.