दाणा बारीक झाला की

जालन्यात रोलिंग मिल म्हटलं की लोकांना सळई आठवते. मला आठवतो दाणा, म्हणजे पोलादाच्या आतला सूक्ष्म स्फटिक. १२०० अंशांच्या आसपास तापलेलं बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा, भट्टीतून निघतं तेव्हा आतले ऑस्टेनाइटचे (तापलेल्या पोलादाच्या रूपाचे) दाणे चांगलेच फुगलेले असतात. रोलखाली ते चपटे होतात आणि पुढच्या पासपर्यंत (रोलमधल्या पुढच्या फेरीपर्यंत) त्यांच्या कडांवर नवे, लहान दाणे उगवतात. शेवटचा पास फार गरम गेला तर मात्र सगळी मेहनत पाण्यात, दाणे पुन्हा वाढतात.

काल पट्टीचा नमुना पॉलिश करून २ टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लात) बुडवला. आरशासारखा पृष्ठभाग काही सेकंदांत दुधाळ झाला. सूक्ष्मदर्शकाखाली फेराइटचे (थंड झालेल्या पोलादातल्या मऊ रूपाचे) दाणे बारीक, एकसारखे. दाणा असा बारीक झाला की कार्बन न वाढवता पोलादाची ताकदही वाढते, चिवटपणाही. हे दोन्ही एकत्र सहसा मिळत नाही! बराच वेळ डोळा काढवेना.