सादळलेले चिरमुरे आणि टीव्हीची काच

कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी माळ्यावर एक 21 इंची कलर टीव्ही आहे. मागं मोठं पोट असलेला, पिक्चर ट्यूबचा. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत वहिनीनं तो भंगारवाल्याला द्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. मी अडून बसले. टीव्ही बघण्यासाठी नव्हे, त्याच्या काचेसाठी.

माझ्या मामांचं शाहूपुरीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारभर तिथं बसायचे. मामा सेट चालू करायचे आणि माझा हात काचेजवळ नेऊन म्हणायचे, "बघ, लव कशी हुभी राहिली." खरंच राहायची. काचेवरून बोटं फिरवली की चर्र असा आवाज यायचा, अंधारात बारीक निळसर ठिणग्या दिसायच्या. एकदा त्यांनी भडंगाच्या पुडीतले मोडके, हलके चिरमुरे ओंजळीत घेऊन काचेपाशी धरले आणि त्यातले चार-पाच उडी मारून काचेला चिकटले. मी नऊ वर्षांची होते. तो क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

मामांचा नियम एकच होता. "मागचं झाकण काढायचं न्हाई. प्लग काढला म्हंजे ट्यूब मेली असं न्हाई, पोरी. ती लई येळ जित्ती असती." ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून वीजवाहक थर असतो, मधली काच वीज अडवते. म्हणजे अख्खी ट्यूबच एक मोठा कपॅसिटर होते आणि प्लग काढल्यावरही विजेचा प्रभार (चार्ज) धरून ठेवते. मामा स्वतः सेट उघडायचे तेव्हा आधी वायर बांधलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं ट्यूब रिकामी करायचे, मगच हात घालायचे. हे वाचून कुणाला माळ्यावरचा टीव्ही काढावासा वाटला तर जरूर काढा, पण मामांचा नियम माझ्याकडून पुन्हा एकदा ऐका: झाकण नाही म्हणजे नाही. आमचा सगळा खेळ पुढच्या काचेच्या बाहेर चालतो.

भाचा यंदा आठवीत. फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही दोघांनी टीव्ही खाली काढला, पुसला, भिंतीपासून दूर स्टुलावर ठेवला. काचेच्या मधोमध वहीच्या पानाएवढा अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटपट्टीनं बसवला. पूर्ण काच मढवायचा मोह होतो, पण फॉइल जितकं मोठं तितका प्रभार जास्त आणि झटकाही तितकाच मोठा. फॉइलची एक लांब पट्टी खाली आणून स्टीलच्या पेल्याला चिकटवली. पेला थर्माकोलच्या तुकड्यावर. शेजारी दोन बोटांच्या अंतरावर दुसरा पेला, त्याला वायर जोडून ती न्हाणीघरातल्या लोखंडी नळाला. सॉकेटच्या अर्थिंगला हात लावायचा नाही असं भाच्याला आधीच बजावलं होतं. दोन पेल्यांच्या मध्ये कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी दोऱ्यानं टांगली. टीव्हीचं बटण त्याच्याकडे, मोजणी माझ्याकडे.

"आत्या, दाबू?"

"दाब."

कलर सेट चालू होताना येतो तो धुम्म आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी कडी या पेल्यावरून त्या पेल्यावर आपटायला लागली. टिण टिण टिण टिण. सुरुवातीला इतक्या वेगानं की मोजताना जीभ अडखळत होती. मग सावकाश, मग थांबली. 112 ठोके. भाच्यानं टीव्ही बंद केला आणि आम्ही दोघंही दचकलो, कारण कडी पुन्हा वाजायला लागली!

याचं कारण आम्ही वहीत चित्रं काढून शोधलं. चित्र दिसायला ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन वेगानं ओढावे लागतात. त्यासाठी कलर टीव्हीत आतल्या बाजूला 20 ते 25 हजार व्होल्टचा धन दाब असतो. सेट चालू झाला की काचेपलीकडचं फॉइलही त्या दाबाबरोबर वर ढकललं जातं. कडी फॉइलच्या पेल्याला शिवते, तिथला थोडा प्रभार घेते, सारखाच प्रभार झाल्यामुळं ढकलली जाते आणि नळाच्या पेल्यावर जाऊन तो सोडते. मग पुन्हा परत. असं चिमटी-चिमटीनं फॉइल मोकळं होतं आणि कडी थांबते. टीव्ही बंद केला की आतला दाब उतरतो, पण फॉइलनं आपला धन प्रभार आधीच देऊन टाकलेला असतो, म्हणून आता ते ऋण बाजूला जातं. कडीची ये-जा तीच, प्रभार उलटा. हल्लीच्या एलईडी टीव्हीत पडद्यामागं हा दाबच नाही, त्यामुळं तिथं हे घडत नाही.

ही युक्ती आमची नाही. प्रभारानं घंटा वाजवायची कल्पना जर्मनीतल्या एर्फर्टच्या अँड्र्यू गॉर्डनची, 1742 च्या सुमाराची. बेंजामिन फ्रँकलिननं 1752 मध्ये तशाच घंटा फिलाडेल्फियातल्या आपल्या घरी वीजवाहक कांबीला जोडल्या. ढगात प्रभार असला की घरात घंटा वाजायच्या. हे सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्यांच्या घरच्यांना झोप कशी लागायची?

फेब्रुवारी-मार्च सगळं छान चाललं. एप्रिलअखेर वळीव पडला तशी मोजणी उतरायला लागली, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागल्यावर फक्त 9 ठोके. चिरमुरे तर काचेकडे ढुंकूनही बघेनात. ते डब्यातच सादळले होते, दाताखाली रबरासारखे. भाच्याची समजूत अशी की ओली हवा वीज वाहून नेते. मलाही शाळेत असंच सांगितलं होतं. पण दमट हवा तशी फारशी वीज वाहून नेत नाही. खरी गळती पृष्ठभागावरून होते. काचेवर, थर्माकोलवर, दोऱ्यावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटतो.

हे नुसतं सांगून भाच्याला पटणार नव्हतं, म्हणून करून बघायचं ठरलं. जुलैत पावसानं झोडपून काढलं. घरात सगळे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फुटांवर आली ते बघत होते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. बाहेर धार लागलेली, भिंतींना ओल, कपडे तीन दिवस वाळत नव्हते. यापेक्षा दमट दिवस कुठून आणणार?

आधी दोरा बदलला. सुती दोरा ओल पितो, म्हणून लक्ष्मीपुरीतून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणला. ठोके 9 वरून 17. मग टीव्हीचा प्लग काढून वहिनीच्या हेअर ड्रायरनं काच, थर्माकोल आणि तंगूस दहा मिनिटं शेकले. तिकडं वहिनीनं चिरमुरे तव्यावर मंद आचेवर परतायला घेतले. काच कोमट लागली तशी भाच्यानं घाईनं प्लग लावला आणि बटण दाबलं.

61.

खोलीतली हवा तीच होती, खिडकीबाहेर पाऊस तोच. कोरडे होते ते फक्त पृष्ठभाग. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं तर 30, आणखी दहा मिनिटांनी 12. ओल परत येऊन बसताना आम्ही जणू आकड्यांत बघत होतो. मला हे फेब्रुवारीतल्या 112 पेक्षाही जास्त आवडलं.

दरम्यान चिरमुरे कुरकुरीत झाले होते. काच पुन्हा शेकून, फॉइल काढून, भाच्यानं मोडके चिरमुरे ओंजळीत घेतले आणि काचेपाशी नेले. तीन चिकटले. एक लगेच पडला, दोन राहिले. मी मामांना फोन लावला. त्यांचं दुकान बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, कानानं कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "पावसात? तव्यावर परतून?" आणि मग बराच वेळ नुसते हसत राहिले.

उरलेल्या चिरमुऱ्यांचं वहिनीनं भडंग केलं. तंगूस डब्यात घालून ठेवलाय. भाच्याला आता बघायचंय, ऑक्टोबरच्या उन्हात न शेकता 112 परत येतात का.