चाळीस दिवसांपुरती घडवलेली तलंग

करार पद्धतीच्या ब्रॉयलर शेडमध्ये पक्षी उचलायच्या दिवशी माझ्यासारख्या पशुवैद्यकीय डॉक्टरचं काम मोजकंच असतं. कत्तलीआधी खाद्य आठ ते बारा तास बंद राहील असं नियोजन आहे का, औषधांचा वर्ज्य काळ, म्हणजे औषध थांबवल्यापासून कत्तलीपर्यंत सोडायचे दिवस, संपलाय का आणि ज्यांना धड चालता येत नाही असे पक्षी गाडीत चढत नाहीत ना, हे बघायचं. त्या दिवशी मोजणीत एक पक्षी कमी भरला. शेडमालकाच्या लहान मुलीने तो रिकाम्या गोणीआड लपवला होता.

हजारो पांढऱ्या पक्ष्यांतून तिने तो ओळखायचा कसा? डाव्या पायाचं मधलं बोट आत वळलेलं होतं. पहिल्या आठवड्यात या पिल्लाचं तोंड निपलपर्यंत, म्हणजे पाण्याच्या नळीच्या तोटीपर्यंत, पोचत नव्हतं, तेव्हा ती बाटलीच्या झाकणातून पाणी पाजायची. ती खाली बसली की पक्षी लंगडत यायचा आणि तिच्या घोट्याला टेकायचा. माझ्यासमोरही त्याने तेच केलं.

कंपनीच्या सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. त्याला किलोमागे संगोपन शुल्क मिळतं, तेही एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं) आणि मर बघून. पक्षी मागे राहिला तर पुढच्या बॅचला रोग लागेल, असंही तो म्हणाला, आणि ते खरं आहे. शेड पूर्ण रिकामं करून, धुऊन, मध्ये खंड ठेवतात तो त्यासाठीच. त्यात लोभ नाही. लोभ आहे तो या पक्ष्याच्या हाडामांसात मुरवलेला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957 आणि 1978 सालचे जतन केलेले वाण आणि 2005 सालचा व्यापारी ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. 56 दिवसांनी सरासरी वजनं भरली 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. मांस वाढलं, हाडं, हृदय आणि फुप्फुसं त्या वेगाला पुरी पडली नाहीत. या पक्ष्यांच्या आयांना म्हणूनच कंपन्या मोजून खाऊ घालतात. सहा आठवड्यांची पैदाशीची मादी पाऊण किलोच्या आत ठेवतात, नाहीतर ती अंड्यावर येण्याआधीच लठ्ठ होऊन बिघडते. मुलीच्या हातातली त्याच वयाची तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, 2.6 किलोची होती.

मी तिला गादीवर, म्हणजे शेडमधल्या भुशाच्या थरावर, चालवून पाहिलं. चालीला 0 ते 5 गुण देतात. 5 म्हणजे पक्षी उभाच राहत नाही. हिला 3 दिले. सात-आठ पावलं टाकून ती बसायची. घोट्यांवर तपकिरी डाग होते, ओल्या गादीतल्या अमोनियाने भाजलेले. छातीवरची पिसं झडलेली. तुरा मात्र लाल होता आणि पोट मऊ, म्हणजे हृदय अजून तग धरून होतं.

"डॉक्टर, हिला जास्त खायला घातलं तर पायात ताकद येईल ना?" मुलीने विचारलं. याचं उत्तर देणं मला जड गेलं. या पक्ष्याला जगवायचं तर उपाशी वाटेल इतकंच खायला द्यावं लागतं. तो मागे धावेल, ओरडेल, तरी द्यायचं नाही.

वडिलांना तपशील लिहून दिला. ब्रॉयलर फिनिशर, म्हणजे शेवटच्या टप्प्यातलं वजन वाढवणारं खाद्य, बंद. 15–16 टक्के प्रथिनांचं ग्रोअर, म्हणजे वाढत्या तलंगांचं खाद्य. लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य इतक्यात नको, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम अंडी सुरू होण्याआधी मूत्रपिंडं खराब करतं. सध्या ती दिवसाला 180 ग्रॅमच्या आसपास खाते. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा ग्रॅम कमी करत शंभरावर आणायचं, दोन वेळा, आणि पसरून टाकायचं म्हणजे ती चालेल. पोट भरल्यासारखं वाटायला चिरलेला पाला. दर आठवड्याला त्याच वेळी, खाण्याआधी वजन. साडेतीन किलोच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. कोरड्या भुशाची चार बोटं जाड गादी, रात्री आठ तास अंधार, उंच दांडी अजिबात नको, कारण उडी मारली की पाय जातो. उन्हाच्या वेळी सावली आणि वारा. आणि शेडपासून लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला. शेडमध्ये जाणाऱ्याने तिला हात लावायचा नाही. ही शेवटची अट मुलीला सगळ्यात अवघड होती, कारण शेडमध्ये खाद्याचे डबे भरायला तीच जायची. तिने ते काम सोडलं.

हिशोबाचा प्रश्न वडिलांनी सोडवला. कमी भरलेल्या पक्ष्याचे पैसे संगोपन शुल्कातून कापून घ्या, म्हणाले. प्रवासास अपात्र असा शेरा मी दिला, तो खरा होता. सुपरवायझरने "1 कमी" लिहून सही घेतली.

निघण्यापूर्वी मुलीला धोक्याच्या खुणा शिकवल्या: तुरा निळसर पडणं, चोच उघडी ठेवून श्वास, पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लागणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. जलोदर झालेला पक्षी सहसा वाचत नाही, आणि तसं झालं तर तिला तडफडत ठेवायचं नाही, हेही तिच्यासमोरच बोललो. जपूनही असे पक्षी सहसा फार वर्षं जगत नाहीत. तिने ऐकून घेतलं आणि वजनकाटा कुठला घ्यायचा ते विचारलं. पाच किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा, आणि बसवायला एक बादली, असं सांगितलं.